जेऊरच्या पत्र्यावरचे ऊन

सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची दोन गावे आहेत. एक अक्कलकोट तालुक्यातले, काशी विश्वेश्वराच्या मंदिरामुळे भाविकांना ठाऊक असलेले. दुसरे करमाळा तालुक्यातले, रेल्वे स्थानकामुळे व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले. तिसरे एक अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्यामुळे बँकेत असताना या नावाचे टपाल भलत्याच शाखेत जाऊन पडल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. प्रस्तुत लेख करमाळा तालुक्यातील जेऊरविषयी आहे. करमाळा शहराला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. पुणे-सोलापूर लोहमार्गावर उतरून करमाळ्याकडे वळायचे ते जेऊरलाच. हा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला आणि त्याच्या आधाराने धान्य, कडधान्य व कापडाचा जो व्यापार या पट्ट्यात वाढला, त्याबरोबर फलटण, नातेपुते, अकलूज, कुर्डुवाडी, बार्शी, करमाळा अशा ठिकाणी आपल्या समाजातील अनेक घराण्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. जेऊरच्या बाजारातही ती खूण अजून दिसते.

गाडीतून उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ऊन. मी गेलो ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. स्थानकाबाहेर पडेपर्यंत उपरणे डोक्यावर आले होते. पण येथले सगळे रान एकसारखे कोरडे नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. पश्चिमेला उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी आहे. तिकडे वाशिंबे, कंदर या बाजूला ऊस आणि केळी. कंदरची केळी आखाती देशांत जातात. पूर्वेकडे मात्र जिरायत, ज्वारी, तूर, उडीद. उजनीचा हिशेब एखाद्या बँकवाल्याला मोठा मौजेचा वाटतो. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आणि उपयुक्त म्हणावा तो केवळ ५३ टीएमसीच्या आसपास. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला की वर्तमानपत्रे ‘उजनी उणे’ असे छापतात, म्हणजे तालुका ओव्हरड्राफ्टवर जगू लागतो. पाण्याच्या बाबतीत अशी कायमची ओढाताण असलेल्या या मुलखात एक ठेव मात्र कधी उणे होत नाही. सोलापूर परिसरात वर्षाची सरासरी काढली तर एक चौरस मीटर जमिनीवर दिवसाला पाच ते साडेपाच युनिट इतकी ऊर्जा उन्हाच्या रूपाने पडते. युनिट म्हणजे तेच, जे आपण विजेच्या बिलात मोजतो. दहा बाय दहा मीटरच्या पत्र्याच्या छपरावर रोज पाचशेहून अधिक युनिट येऊन पडतात आणि सायंकाळी आकाशात परत जातात.

हे सारे सांगण्याचे कारण, माझे जेऊरला जाणे याच उन्हासंबंधी होते. सौभाग्यवतींच्या मावसभावांची तेथे जवळच डाळ मिल आहे. मिल लहान, दिवसाला पाच टनांच्या आसपास तूर काढणारी. वडिलांच्या पश्चात दोघे भाऊ ती सांभाळतात. थोरले मिल आणि हिशेब पाहतात, धाकटे खरेदी-विक्री. त्यांच्या आई, ज्यांना आम्ही सारे काकी म्हणतो, भागीदारीत तिसऱ्या. थोरल्यांनी मिलच्या संपूर्ण छपरावर सौर पॅनेल बसवायचे ठरवले होते. पुण्याहून आलेल्या एका विक्री प्रतिनिधीने पन्नास किलोवॉटचा आराखडा आणि रंगीत तक्ते ठेवून दिले होते. धाकट्यांचे म्हणणे, आपले नुकसान विजेत नाही, वाळवणीत आहे. मागच्या श्रावणात भिजलेल्या मालाला बुरशी लागून एक खेप फेकावी लागली, त्याचे काय? कर्ज काढायचे तर दोघांच्या आणि काकींच्या सहीने, आणि तारण मिलची जागा. ‘तुम्ही बँकेत होता, तुम्हीच सांगा’ म्हणून मला बोलावणे आले.

सौरऊर्जा म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर निळसर काचेचे पॅनेल येते. त्यात नवल नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत घरांसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉट व त्यावरील संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि गावोगाव त्याची चर्चा झाली. (हे अनुदान घराच्या छपरासाठी आहे, मिलच्या किंवा गोदामाच्या नाही. थोरल्यांचा येथे पहिला गैरसमज झाला होता, तो प्रतिनिधीने दूर केला नव्हता.) परंतु ऊन पकडण्याची पॅनेल ही एकच रीत नव्हे. पॅनेल उन्हाची वीज करते आणि तिच्यात आजचे चांगले पॅनेलसुद्धा पडलेल्या उन्हाच्या एक-पंचमांशाहून थोडेच अधिक विजेत रूपांतरित करते. उरलेले उष्णता होऊन वाया जाते. उलट, काळ्या रंगाच्या पत्र्यावरून हवा वाहू दिली, तर तो पत्रा आपली उष्णता त्या हवेला देतो. साधी, नीट बांधलेली पेटीसुद्धा उन्हातील चाळीस ते साठ टक्के ऊर्जा गरम हवेच्या रूपाने हाती देऊ शकते. पॅनेल विजेसाठी, काळा पत्रा उष्णतेसाठी. दोन्हींचे काम वेगळे, भांडण नाही.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. अमेरिकेतील सेलम येथील एडवर्ड मोर्स हे प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते, पुढे जपानी कलेचे जाणकार म्हणूनही त्यांचे नाव झाले. खिडकीच्या काचेमागे गडद पडदा असला की त्यामागून ऊबदार हवा वर चढते, असे त्यांच्या ध्यानात आले आणि १८८१ मध्ये त्यांनी भिंतीवर बसवायच्या सौर हवा-तापकाचे पेटंट घेतले. शंभर वर्षांनंतर कॅनडातील टोरांटोच्या जॉन हॉलिक या अभियंत्याने काचही काढून टाकली. गडद रंगाच्या पत्र्याला बारीक बारीक छिद्रे पाडायची, तो पत्रा कारखान्याच्या दक्षिण भिंतीवर थोडे अंतर राखून बसवायचा आणि पंख्याने हवा त्या छिद्रांतून आत ओढायची, इतकेच. पत्र्याला चिकटलेला उबदार हवेचा थर वाऱ्याने उडून जाण्याआधीच आत येतो. मोटारींचे कारखाने, विमानांची हँगर, गोदामे अशा मोठ्या इमारतींत तिकडे हिवाळाभर ताजी हवा घ्यावी लागते आणि ती तापवण्यात पैसा जातो. तो पैसा या भिंतीने वाचतो. मला विशेष गंमत वाटली ती माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाची. तेथील वाणिज्य विद्यालयाच्या, म्हणजे जॉन मॉल्सन स्कूल ऑफ बिझनेसच्या इमारतीवर २००९ मध्ये सुमारे २९० चौरस मीटरची अशी भिंत उभी राहिली, जिच्यात छिद्रांच्या पत्र्यावर सौर पॅनेलही बसवले आहेत. एकाच भिंतीतून सुमारे पंचवीस किलोवॉट वीज आणि सुमारे पंचाहत्तर किलोवॉट उष्णता. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ताळेबंद शिकवायला याहून चांगला फळा मिळणार नाही.

येथे कोणी वाचक हसतील, की सोलापुरात इमारत तापवायला कसले यंत्र हवे? ती आपोआपच तापते. बरोबर आहे. आपल्याकडे गरम हवेचा उपयोग माणसे उबेत ठेवण्यासाठी नाही, माल वाळवण्यासाठी आहे. आणि माल वाळवणे हा तर या जिल्ह्याचा वंशपरंपरागत उद्योग. पंढरपूर तालुक्यातला बेदाणा जाळीच्या रॅकवर वाळतो, मिरची वाळते, पापड-कुरडया वाळतात, आणि डाळ मिलमध्ये तूर वाळते.

तुरीची डाळ ज्यांनी केवळ ताटात पाहिली त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तुरीचे टरफल दाण्याला डिंकासारख्या थराने चिकटलेले असते. ते सुटावे म्हणून आधी तूर स्वच्छ करून इमरी रोलरमधून काढतात, दाण्यावर ओरखडे पडतात. मग थोडे तेल चोळून ढीग घालतात, पटांगणात पसरून उन्हात वाळवतात, रात्री पुन्हा ढीग, मग पाण्याचा हलका मारा, पुन्हा वाळवण, पुन्हा रोलर. टरफल निघालेला अखंड दाणा म्हणजे गोटा, तो फुटला की डाळ. कोंडा आणि चुनी जनावरांसाठी. या साऱ्यात तीन ते पाच दिवस पटांगणावर जातात. माझे यजमान सरासरी चार दिवस धरतात. सहा बायका सकाळी नऊपासून लाकडी फावड्यांनी तूर उलथत असतात. पावसाळ्यात पटांगण निरुपयोगी. तेव्हा लाकडाच्या भट्टीवरचा ड्रायर चालवावा लागतो.

मी दोन्ही भावांकडे तीन कागद मागितले. बारा महिन्यांची वीजबिले, लाकडाच्या खरेदीची नोंद आणि मालातील ओलाव्याची नोंद. बिले मिळाली. लाकडाची नोंद काकींच्या जुन्या वहीत निघाली, फार सुवाच्य. ओलाव्याची नोंद मुळी नव्हतीच. मुकादम दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि ‘झालं’ म्हणतो. चाळीस वर्षे त्यावर धंदा चालला, त्यामुळे त्याची थट्टा करण्याचे मला कारण नाही. पण यंत्र बसवायचे तर मॉइश्चर मीटर लागेल, आणि ते काही फार महाग नाही.

कागद समोर ठेवल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. वर्षातील आठ महिने मिलमध्ये जी सर्वांत मोठी ऊर्जा वापरली जाते, तिचा एकही रुपया कोणत्याच कागदावर नाही. वीजबिलात रोलर, चाळण्या, एलेव्हेटर आणि पंख्यांच्या मोटारी आहेत. वाळवणीला लागणारी उष्णता सूर्य देतो आणि तो बिल पाठवत नाही. म्हणून ‘आमचा खर्च विजेचा’ असे थोरल्यांना वाटते आणि त्यात त्यांची चूक नाही. कागद तेच सांगतो.

ती उष्णता किती? एक किलो पाण्याची वाफ व्हायला, व्यवहारातल्या तापमानाला, जवळजवळ पाऊण युनिटाच्या थोडी कमी उष्णता लागते. पाच टन मालातून समजा चार टक्के ओल काढायची, म्हणजे दोनशे किलो पाणी. शास्त्राप्रमाणे सुमारे १३५ युनिट, आणि कोणताच ड्रायर शास्त्राप्रमाणे चालत नसल्याने प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास धरावे. म्हणजे रोज अडीचशे ते पावणेतीनशे युनिट. हे लाकडावर काढायचे तर, कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारण चार युनिट आणि जुन्या भट्टीत त्यातले निम्मे हाती, असा हिशेब करून रोज सव्वाशे किलोहून अधिक लाकूड. पावसाळ्यात काकींच्या वहीतला आकडा याच्याच जवळपास होता.

आता छप्पर. मिलचे शेड तीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. दक्षिणेकडे उतरणारी बाजू सव्वादोनशे चौरस मीटरची. शंभर चौरस मीटरवर पॅनेल घातले तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ऐंशीच्या आसपास युनिट वीज. त्याच शंभर मीटरवर गरम हवेची पेटी घातली तर अडीचशेच्या आसपास युनिट उष्णता. म्हणजे पाच टन तुरीची रोजची गरज जवळपास तेवढ्याच जागेत भागते. विजेची हवा करायला निघालो तर तिप्पट छप्पर लागेल. उलट रोलरची मोटार गरम हवेवर फिरत नाही, तिला वीजच हवी. मिलच्या मोटारींचा भार आणि बिलातील मंजूर भार पाहता पंचवीस किलोवॉटचे पॅनेल पुरेसे ठरते, आणि त्याला सव्वाशे चौरस मीटर पॅनेल लागते. सव्वाशे आणि शंभर, दक्षिणेचा उतार पुरतो. पन्नास किलोवॉटचा आराखडा छपराच्या मापाने केला होता, गरजेच्या मापाने नव्हे. शिवाय नेट मीटरिंगमध्ये मंजूर भाराची मर्यादा असते, आणि सारी वीज स्वतःची झाली तरी बिलातील स्थिर आकार जात नाही, या दोन गोष्टी त्या रंगीत तक्त्यांत कोठेही नव्हत्या.

उन्हाविषयी आणखी एक समजूत येथे सर्वत्र आढळली: जितके ऊन कडक तितकी वीज जास्त. प्रकाश वाढला की वीज वाढते हे खरे, पण पॅनेल स्वतः तापले की उत्पादन घटते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे एक-तृतीयांश टक्का. जेऊरच्या एप्रिलमध्ये पत्र्यावरचे पॅनेल सहज पासष्ट अंशांना जाते, म्हणजे बारा-पंधरा टक्के तेथेच गेले. पॅनेलच्या पाठीमागून हवा ओढून ती ड्रायरला दिली तर पॅनेल थंड आणि तूर कोरडी, असा दुहेरी लाभ होतो. माँट्रियलच्या भिंतीत हेच केले आहे. परंतु ते नाजूक काम आहे, पहिल्या वर्षी करू नये असे माझे मत पडले. डाळ मिलच्या कोंड्याची धूळ पॅनेलवर बसते, ती दर आठवड्याला धुवावी लागेल, आणि या तालुक्यात मे महिन्यात धुण्याचे पाणीही मोजून वापरावे लागते, तेही मी लिहून दिले.

‘आपल्या भागात कोणी केले आहे का?’ हा थोरल्यांचा प्रश्न रास्त होता. बँकेतही आम्ही हाच प्रश्न आधी विचारत असू. वीज नव्हे तर उष्णतेसाठी ऊन वापरण्याचे मोठे प्रयोग महाराष्ट्रात झाले आहेत. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत २००६ पासून सुमारे १६० चौरस मीटरची एक आरशांची तबकडी सूर्यामागे फिरत दूध पाश्चराइझ करण्यासाठी उष्णता देऊ लागली. तिचे नाव ‘अरुण’. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक शिरीष केदारे, जे २०२४ पासून त्या संस्थेचे संचालक आहेत, त्यांच्या संशोधनातून ती घडली. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छपरावर २००९ मध्ये ७३ तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. छत्रपती संभाजीनगरच्या ‘एस४एस’ या संस्थेने शेतकरी महिलांच्या हाती सौर ड्रायर दिले, त्यांनी वाळवलेला कांदा आणि भाज्या खाद्य कंपन्यांना जातात, आणि २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार त्या कामाला मिळाला. कांदा आपल्या स्वयंपाकघराबाहेरचा विषय असला, तरी तंत्र आतल्या दाराने घ्यायला हरकत नसावी. तरीही डाळ मिलला सर्वांत जवळचा दाखला मला तामिळनाडूत वाटतो. तेथील प्लँटर्स एनर्जी नेटवर्क या संस्थेने, डॉ. सी. पलनिअप्पन यांच्या पुढाकाराने, १९९० च्या दशकापासून चहाच्या कारखान्यांची छपरेच हवा-तापक केली. वर काच, खाली काळा पत्रा, मधून हवा. ती गरम झालेली हवा थेट चहाच्या ड्रायरकडे. चहाला लागते तितके तापमान केवळ उन्हाने येत नाही, म्हणून उरलेले लाकडाची भट्टी पुरवते. ऊन भट्टीला हटवत नाही, तिचे लाकूड कमी करते.

हा शेवटचा मुद्दा धाकट्यांना सांगणे मला आवश्यक वाटले, कारण त्यांना श्रावणातली बुरशी डोळ्यांसमोर होती. पावसाळ्यात ऊनच घटते; सलग झड लागली तर गरम हवेची पेटीही पटांगणाइतकीच हतबल. तेव्हा जुनी भट्टी मोडून विकायची नाही. ढगाळ पण कोरड्या दिवशी पेटी हवा काही अंश वर आणून देईल आणि भट्टीत लाकूड कमी जाईल, इतकीच अपेक्षा ठेवावी. खरा लाभ उघडिपीच्या महिन्यांत आहे, आणि तो लाकडात नाही, दिवसांत आहे. पटांगणावर चार दिवसांचा माल, म्हणजे वीस टन, म्हणजे दोनशे क्विंटल तूर सतत पसरलेली असते. २०२५-२६ हंगामाचा आधारभूत भाव आठ हजार रुपये क्विंटल धरला तर सोळा लाख रुपये रोज उन्हात वाळत असतात. साठ-पासष्ट अंशांच्या वाहत्या हवेत हेच काम दोन दिवसांवर आले, तर आठ लाख मोकळे होतात. दहा टक्के व्याजाने वर्षाचे ऐंशी हजार. कॅश क्रेडिटची मर्यादा दर जानेवारीत ओलांडणाऱ्या मिलला हा आकडा लहान नाही. शिवाय कबुतरे आणि वळवाच्या एका सरीने होणारी नासाडी वेगळी. काकींनी त्यात आपली भर घातली. उघड्या पटांगणावर रात्री ढिगात किती जीव चढतात आणि सकाळी रोलरखाली जातात, हे त्यांना कित्येक वर्षे खुपत होते. बंद पेटीत ते टळेल, हे त्यांना सर्वांत आधी पटले.

करांच्या बाजूने एक माहिती देतो, कारण आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांना ती नसते. आयकर नियमांतील घसाऱ्याच्या तक्त्यात सौर वीजसंचांबरोबर सौर हवा-तापक आणि सौर पीक-वाळवण यंत्रे यांचाही स्वतंत्र उल्लेख आलेला आहे, आणि २०१७ पासून त्यांना चाळीस टक्क्यांचा दर लागू झाला. केवळ पॅनेललाच वेगवान घसारा मिळतो हे खरे नाही. चालू वर्षाचे नियम आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावेत. तसेच २०१५ पासून रिझर्व्ह बँकेने अक्षय ऊर्जेला अग्रक्रम क्षेत्रात घेतले आहे, त्यामुळे शाखाधिकाऱ्याला आपल्यापेक्षा कमी उत्सुकता नसते; तो फक्त नीट कागद मागतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आकड्यांवर न थांबता एक पेटी करून पाहिली. कुर्डुवाडी रस्त्यावरच्या एका वेल्डरने दोन तासांत जुन्या पत्र्याचे दोन तुकडे जोडले, मॅट काळा रंग मारला, वर काच, खाली थर्मोकोल, एका टोकाला टेबलपंख्याची मोटार. दुपारी दोन वाजता बाहेरची हवा ४१ अंश होती आणि पेटीतून येणारी ६३. वेल्डर म्हणाला, ‘साहेब, ही तर घोंगडी आहे.’ त्याला थर्मोकोल अधिक उष्णतेने वितळेल याची शंका आली होती, आणि ती योग्य होती. मोठ्या पेटीला काचलोकर लागेल. हवेच्या तोंडावर जाळी आणि गाळणी हवी, कारण तुरीचा कोंडा ज्वालाग्राही असतो आणि भट्टी जवळच आहे. शेडच्या कौलाखालची हवा एप्रिलमध्ये तशीही पन्नास अंशांना टेकते. जुन्या ड्रायरचे हवा घेणारे तोंड जमिनीजवळून उचलून तेथे नेले तरी पहिल्या हप्त्याआधीच काही लाकूड वाचेल, अशी सूचना मात्र माझी.

शेवटी कर्जाचा अर्ज पन्नास किलोवॉटचा न होता पंचवीस किलोवॉट पॅनेल आणि शंभर चौरस मीटर हवा-तापक असा झाला, आणि रक्कम मूळ आराखड्याहून बरीच खाली आली. थोरले थोडे नाराज होते, धाकटे खूश. सायंकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सगळे एकत्र बसलो तेव्हा काकींनी विषय काढला. ‘पटांगण रिकामं झालं, की त्या सहा बायकांनी जायचं कुठं?’ थोरले म्हणाले, ड्रायरला माल भरायला आणि डाळ निवडायला माणसे लागतीलच. काकी म्हणाल्या, ‘किती?’ हिशेब केला तर तीन, फार तर चार. बाकीच्या दोघींना केळीच्या पॅकहाउसमध्ये काम मिळेल, असे धाकट्यांनी सुचवले. पण ते काम हंगामी आणि कंदरला, येथून रोज जाणे-येणे त्यांना परवडणारे नाही. त्या दोघींपैकी एक काकींच्या लग्नाआधीपासून त्या पटांगणावर आहे. माझ्याजवळ या प्रश्नासाठी कोणताच तक्ता नव्हता.

मोकळ्या होणाऱ्या आठ लाखांतून त्या दोघींची पूर्ण वर्षाची मजुरी आधी बाजूला काढावी, आणि नंतरच पुढे जावे, ही काकींची अट आहे. थोरल्यांना ती मान्य आहे, धाकट्यांना अर्धी. नवी तूर बाजारात यायला अजून आठ महिने आहेत. अर्ज टेबलावर तयार आहे. दोघा भावांच्या सह्या झाल्या आहेत, काकींची व्हायची आहे.